पाशाचा दिवस पहिला

"एका कुत्र्याच्या तोंडात काय जातं, एवढं मला सांभाळता येणार नाही का?" ओमकार म्हणाला. "ऑफिसात बेचाळीस जण सांभाळतो मी."

हे तो डॉक्टर स्वर्णलतांना म्हणाला, हिमायतनगरच्या त्यांच्या दवाखान्यात. म्हणताना त्याचा एक हात टेबलावर होता आणि दुसऱ्या हातात पाशाचा पट्टा. वाक्य संपेपर्यंत पाशानं टेबलावरच्या ट्रेमधला कापसाचा बोळा खाल्ला. डॉक्टरांनी तो अर्धा बाहेर ओढून काढला. मी त्याची बायको, त्यामुळे मी ते लक्षात ठेवलं.

पाशा आमचा लॅब्रॅडॉर. सहा वर्षांचा, गुळाच्या रंगाचा. गेली दोन वर्षं तो खाजवतोय. कान आतून लालभडक, पंजे चावून चावून ओले, पोटावरचे केस गेलेले. रस्त्यानं चालता चालता मध्येच बसतो आणि खाजवतो, मागं गाड्या हॉर्न वाजवत उभ्या. दुपारी सासऱ्यांच्या पलंगाखाली झोपतो आणि झोपेतसुद्धा पाय चालूच. त्याचा पाय पलंगाला आपटतो आणि वर झोपलेले मामंजी गदागदा हलतात. शेवटी मामंजी खाली हात सोडून त्याचा पंजा धरून ठेवायचे. धरला की थांबायचा, सोडला की सुरू. म्हणून मामंजी दोन वर्षं पेपर एका हातानं वाचत होते. पान उलटायचं असलं की मला हाक.

डॉक्टरांनी आत्तापर्यंत तीनदा स्टिरॉइड दिलं होतं. दिलं की पंधरा दिवस शांत, बंद केलं की पुन्हा तेच. चौथ्यांदा द्यायला त्या तयार नव्हत्या. लिव्हरचे आकडे बिघडत चालले होते. त्यांचं म्हणणं, खाण्यातलंच काहीतरी याला सोसत नाही. चिकन असेल, अंडं असेल, दूध, गहू, काहीही. ते रक्त तपासून धड कळत नाही. कळायचा एकच रस्ता: आठ आठवडे एकच खाणं, तेही असं की जे यानं जन्मात कधी तोंडाला लावलेलं नाही. खाज गेली तर मग जुनं एकेक परत देऊन बघायचं आणि चोर पकडायचा. खाज नाही गेली तर आयुष्यभर औषधं, मग लिव्हरचं जे व्हायचं ते होवो.

"छप्पन्न दिवस," त्या म्हणाल्या. "एक घास जरी बाहेरचा गेला, तरी मोजणी परत एकपासून."

आणि त्यांनी एक फॉर्म दिला. कुत्र्यानं आजवर काय काय खाल्लंय ते लिहा.

ओमकारनं तो फॉर्म रात्रीच्या जेवणाआधी डायनिंग टेबलावर ठेवला आणि पेनचं टोपण काढलं. त्याच्या हिशोबानं फॉर्म दोन मिनिटांचा होता. पाशा पहिल्यापासून पिशवीतलं कोरडं खाणं खातो, चिकनचं. झालं. वरवर म्हणून त्यानं आईला विचारलं, अजून काही?

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, म्हणाल्या की सकाळची पहिली पोळी त्याची असते, ती काही खाणं नव्हे. तुपाची? हौ, मग काय कोरडी देऊ? ओमकारनं गहू लिहिलं, तूप लिहिलं. मग मामंजी खाकरले. सकाळच्या चहात बुडवून एक बिस्किट. एक? दोन. आणि रमजानमध्ये हलीम. एखाद्या वर्षी? दर वर्षी, मामंजी म्हणाले, महिनाभर, गल्लीत जाऊन त्याला बाहेर उभं करणं बरं दिसत नाही. ओमकारनं मटण लिहिलं, डाळी लिहिल्या, आणि माझ्याकडे बघितलं. मी पनीर म्हणाले. तो बघतच राहिला म्हणून कोळंबीही सांगितली.

मग त्यानं उलट बाजूनं सुरुवात केली. ससा तरी नाही ना, ससा आपल्याकडे कोण खातं? मामंजी पंख्याकडे बघायला लागले. देगलूरच्या शेतावर त्यांचे चुलतभाऊ हिम्मतराव असतात, आणि हिम्मतरावांकडे काय रांधतात ते आम्ही कधी विचारत नाही. बदक? बदक खुद्द ओमकारनंच ऑफिसच्या पार्टीतून बांधून आणलं होतं, त्याची मी त्याला आठवण करून दिली. इमू? तो पक्षी पाळायची मध्ये इकडे टूम निघाली होती. मामंजी म्हणाले, एकदाच, पण त्यात मसाला फार होता.

फॉर्म पुरला नाही. मागच्या बाजूला लिहावं लागलं. अगदी शेवटी मामंजींनी स्वतःहून सांगितलं की त्यांची दोन दातांची कवळी ते जेवून झालं की वाटीत काढून ठेवतात आणि ती पाशा चाटून साफ करतो. म्हणजे आम्ही जे जे खातो ते ते सगळं. ओमकारनं पेनचं टोपण लावलं.

कवळीसाठी दुसऱ्याच दिवशी झाकणाचा डबा आला. आणि पाशासाठी डॉक्टरांनी सांगितलेलं खास खाणं आलं. त्यातलं प्रोटीन इतकं बारीक तोडलेलं असतं म्हणे, की कुत्र्याच्या शरीराला ते ओळखूच येत नाही. आत्याबाईंनी ती पिशवी हातात घेऊन पुढून मागून बघितली. ज्याला शरीर ओळखतच नाही ते अंगाला लागणार कसं, असं त्यांनी विचारलं.

फ्रिजवर ओमकारनं छप्पन्न चौकोनांचा कागद चिकटवला. पोळीच्या डब्याला कुलूप लावलं. कामाला येणाऱ्या बाईंना, वॉचमनला, लिफ्टमध्ये भेटेल त्याला सूचना दिल्या. कुकटपल्लीतल्या आमच्या सोसायटीत अकरा मजले आहेत. पाशाच्या गळ्यात तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीत पाटी आली: मला काही देऊ नका. वाचणारे वाचायचे, अय्यो बिचारा म्हणायचे, आणि खिशात हात घालायचे. ओमकार त्यांच्या खिशावर हात ठेवायचा. दोन भांडणं झाली. पण आठ दिवस गेले, आठ चौकोन भरले.

नवव्या दिवशी ओमकारचा फोन वाजला. दर महिन्याची आठवण होती, पाशाची गोचिडांची गोळी. ओमकार कधीच काही विसरत नाही. त्यानं गोळी काढली, पाशाला बसवलं, दिली, पाशानं ती आवडीनं चावून खाल्ली, ओमकारनं फोनवर "झालं" दाबलं. मग पाकीट टाकायला म्हणून कचऱ्याच्या डब्यापाशी गेला आणि तिथंच उभा राहिला. मी काय झालं विचारलं. त्यानं पाकीट माझ्यापुढं धरलं. चघळायची गोळी, चिकनच्या चवीची.

त्यानं कागद काढला, नवा लावला. आत्याबाईंनी पोळीच्या डब्याच्या कुलपाकडे बघितलं आणि मग ओमकारकडे बघितलं. मी ओमकारच्या जागी असते तर मला ते सहन झालं नसतं.

दुसरी मोजणी पितृपंधरवड्यात सापडली. सातव्या मजल्यावर चिन्मय राहतो, पुण्याचा, कंपनीनं इकडे पाठवलेला. त्याच्या वडिलांचं पहिलंच श्राद्ध. गुरुजींनी फोनवर सांगितलं होतं की एक पान गाईला, एक कावळ्याला, एक कुत्र्याला. गाय ॲपवरून बुक झाली. कावळा तासाभरानं आला. कुत्र्यासाठी तो खाली गेला, तर महिनाभरापूर्वी सोसायटीनं सगळी भटकी कुत्री गाडीत घालून नेलेली. म्हणजे अकरा मजल्यांत आणि खालच्या गल्लीत मिळून चिन्मयच्या वडिलांसाठी एकच कुत्रा शिल्लक होता. चिन्मय केळीचं पान घेऊन, सोवळं नेसून, अनवाणी आमच्या दारात उभा राहिला. वडे, खीर, कढी, सगळं.

घरी मामंजी एकटे. पाटी त्यांनी चिन्मयला दाखवली. चिन्मयनं वाचली. त्याचे डोळे भरून आले, पान हातातच. संध्याकाळी ओमकारनं जाब विचारला तेव्हा मामंजी एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या बापाला दारातून उपाशी कसं पाठवायचं रे?"

पाशा चार दिवस असा खाजवत होता की डाव्या कानातून रक्त यायला लागलं. मामंजी दोन्ही हातांनी त्याचे दोन पंजे धरून जमिनीवर बसून असायचे. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, तुम्ही घ्या, माझे हात रिकामे नाहीत.

तिसरी मोजणी दसऱ्यानंतर सुरू झाली, आणि या खेपेला ओमकार कुणाला काही बोलून दाखवत नव्हता. दिवाळीला पाहुणे आले की आधी चादर, चादरीवर पाहुणे, पाहुण्यांच्या हातात चकली, आणि शेजारी व्हॅक्युम क्लीनर घेऊन ओमकार. माझ्या मावशींनी कानावर हात ठेवून फराळ केला. एक कण खाली राहिला नाही. अठरा, एकोणीस, वीस. तिसाव्या दिवशी पाशा एक अख्खा तास न खाजवता झोपला आणि आम्ही घाबरून त्याचा श्वास बघायला गेलो. चाळिसाव्या दिवशी कानावर लव आली. पंचेचाळिसाव्या दिवशी मी दुपारचा चहा घेऊन मामंजींच्या खोलीत गेले तर ते पेपर दोन्ही हातांनी धरून वाचत होते. पान त्यांनी स्वतः उलटलं. मी चहा ठेवून बाहेर आले आणि आत्याबाईंना हे सांगितलं. त्या पण येऊन दारातून बघून गेल्या.

मग आत्याबाई कॅलेंडरपाशी गेल्या. तिथून त्या बराच वेळ हलल्या नाहीत.

चोपन्नावा दिवस चंपाषष्ठीचा होता.

आमचं कुलदैवत खंडोबा. सहा दिवसांचं नवरात्र बसतं, आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. देवाला दाखवायचा, आणि मग पहिलं पान कुत्र्याचं, कारण कुत्रा देवाचा. कुत्र्यानं तोंड लावल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून हे एकदाही चुकलेलं नाही. पाशा घरात आल्यापासून तर ते अगदीच सोपं झालं होतं.

त्या रडल्या-बिडल्या नाहीत. पण दोन दिवस त्यांचं भाजीत मीठ चुकत होतं. ओमकारनं बाहेरचा कुत्रा शोधू म्हटलं. बाहेरचे कुत्रे गाडीत गेलेले. मामंजी म्हणाले, दोन दिवसांचाच प्रश्न आहे, देव थांबेल. आत्याबाई म्हणाल्या की देव थांबेल, पण त्याचा कुत्रा घरात बसलेला असताना त्याला वगळून आपण जेवायचं, हे तोंड घेऊन उद्या देवापुढं कोण उभं राहणार? परत, दोन वर्षांनी त्याच्या अंगावर केस आलेत, ते परत गेलेलेही त्यांना बघवणार नव्हतं. रोज सकाळी त्या त्याच्या पोटावरून हात फिरवून केस मोजल्यासारखं करायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिक्सरचा आवाज आला. आत्याबाई पाशाचं पिशवीतलं खाणं दळत होत्या.

"याचाच रोडगा करायचा," त्या म्हणाल्या. "पाण्यात भिजवून. देवानं नाही कुठं म्हटलंय?"

ओमकारनं आईकडे असं बघितलं की बेचाळीस जणांपैकी कुणाकडे कधी बघितलं नसेल. त्यानं डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, तेच खाणं आणि पाणी, दुसरं काही नसेल तर हरकत नाही, फोटो पाठवा.

चंपाषष्ठीला तयारी ऑपरेशनसारखी होती. तूप वरच्या फळीवर, कारण आत्याबाईंचा हात वाढलेल्या पानावर तूप आपोआप सोडतो, तो सत्तर वर्षांचा हात आहे. भंडारा उधळायच्या वेळी खोबऱ्याचे तुकडे उडतात आणि हवेतलं काहीही पाशा सोडत नाही, म्हणून तळी उचलताना तो आतल्या खोलीत. आम्ही चौघांनी येळकोट केला, आतून पाशानं केला. मग ओमकारनं गुडघ्यावर बसून अख्खा हॉल ओल्या फडक्यानं पुसला, खोबऱ्याचे तुकडे मोजून घेतले, आणि पाशाला आणलं. दोन रोडगे, कोरडे, भरीत नुसतं शेजारच्या ताटात दाखवायला. आत्याबाईंचा हात तुपाच्या जागी गेला. तिथं तूप नव्हतं. हात परत आला.

पाशानं खाल्लं. आम्ही चौघं त्याच्याकडे बघत होतो. ओमकारनं चोपन्नावा चौकोन भरला. आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, बसा आता पानावर.

पानावर तेच रोडगे होते. देवाला एक कणीक आणि घरच्यांना दुसरी असं पान मी वाढत नाही, आत्याबाई म्हणाल्या. अख्खी पिशवी दळून झाली होती. नवी सोमवारी यायची होती आणि मध्ये पाशाला पुरतील इतके रोडगे राखून ठेवायचे असं ठरलं होतं. पण नैवेद्य मोजून करायचा नसतो. शिवाय आत्याबाईंनी चिन्मयकडे चार पाठवले, आणि चिन्मयनं फोन करून विचारलं की ही नाचणी आहे का, फारच पौष्टिक लागतंय, अजून आहेत का. आत्याबाईंनी अजून पाठवले.

आम्ही भरतात बुडवून खाल्ले. चव कशी म्हणाल तर कार्डबोर्ड ओलं झालं की जसा वास येतो, तशी. आणि विटेसारखे कडक. मामंजी तिसऱ्या घासाला थांबले. त्यांच्या कवळीखाली रोडगा अडकला होता. ते उठून आत गेले, कवळी वाटीत काढली, आणि मला हाक मारून म्हणाले, प्रिया, तो झाकणाचा डबा बाथरूममध्ये राहिला, जरा दे.

मी म्हणाले, देते. मी मिक्सरचं भांडं धूत होते. त्याला आतून जे चिकटलं होतं ते निघत नव्हतं. मी ते भिजत घातलं, मग ताटं उचलली, मग ओमकार आठ आठवड्यांत पहिल्यांदा सोफ्यावर आडवा झालेला दिसला म्हणून त्याच्याशी दोन शब्द बोलत बसले. तो म्हणाला, छप्पन्नला दोनच राहिले, मी म्हटलं नव्हतं?

मामंजी आतून आले. वाटी त्यांच्या हातात होती. वाटी स्वच्छ होती, आणि वाटीत काहीच नव्हतं.

पाशा त्यांच्या मागोमाग आला. सहा वर्षं तो कवळी चाटत आला होता, गिळली कधीच नव्हती. पण सहा वर्षांत त्याला भरीत समोर दाखवून परत नेलंही कधी नव्हतं.

कुकटपल्लीहून हिमायतनगरला पोचायला दीड तास लागला. गाडीत मामंजी एकदा मला म्हणाले की बाळा, चूक तुझी नाही, डबा मीच उठून घ्यायला पाहिजे होता. दात नसल्यामुळे ते मला दोनदा विचारावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ऐकून जास्त वाईट वाटलं.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. पडद्यावर पाशाच्या बरगड्यांच्या मागं, पोटात, दोन दात दिसत होते. शेजारी शेजारी, जरा वर वळलेले, हसल्यासारखे. मामंजी चष्मा लावून जवळ गेले. हौ, म्हणाले, माझेच.

डॉक्टर म्हणाल्या की प्लेट छोटी आहे, तार नाही, उलटी करवून काढता येईल, ऑपरेशन नको. फक्त आधी पोटात काहीतरी ओलं, मऊ, भरपूर जायला हवं, म्हणजे त्याच्याबरोबर ती वर येईल. याचं पिशवीतलं खाणं आणलंय ना, असं त्यांनी विचारलं.

ओमकारनं आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. उरलेले सगळे रोडगे सातव्या मजल्यावर होते, चिन्मयच्या पोटात.

दवाखान्यात एकच डबा होता, चिकनचा. डॉक्टरांनी तो उघडला, बशीत काढला आणि स्वतःच्या हातानं पाशापुढं ठेवला. ओमकार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पाशानं बशी संपवली आणि भिंतीपर्यंत सरकवत नेऊन चाटली.

वीस मिनिटांनी मामंजींचे दात बाहेर आले. चिकन आतच राहिलं.